कापसाच्या खोलीवरचे उंदीर : राळेगाव तालुक्यातील एका घराचे प्रकरण

घर यवतमाळ जिल्ह्यातले, राळेगाव तालुक्यातल्या कापसाच्या गावचे. मातीच्या भिंती, सागाचे फाटे (वासे), वर कवेलू (कौले). दोन्ही अंगांना भावकीची घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि छपरे एकमेकांत पार मिसळलेली आहेत. पुढे ओसरी, मग माजघर नि स्वयंपाकघर, उजव्या हाताला एक मोठी खोली. त्या खोलीत दसऱ्यानंतर वेचलेला कापूस छातीइतका भरलेला होता. मागे न्हाणी, परस, गुरांचा कोठा आणि कोठ्याला लागून सोयाबीनच्या कुटाराचा (भुशाचा) ढीग. घरात माणसे पाच : शेतकरी, त्याची बायको, म्हातारी आई, आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारा मुलगा आणि शाळेत जाणारी मुलगी.

फेब्रुवारीत मुलाने तक्रार आणली ती अशी. नव्या तुरीचे कट्टे (पोती) माजघरात रचून थोडेच दिवस झाले होते आणि त्यांना भोके पडली होती. कापसाच्या खोलीतल्या बल्बची वायर दोन ठिकाणी सोलली गेली होती. आजीच्या अंथरुणात रात्री वरून माती पडायची आणि मातीबरोबर सरकीची टरफले. वडिलांचे निदान तयारच होते : "वावरं खाली झाले का थे सारे घरात घुसतेत, सर. दरसालचंच हाय हे."

उपायही करून झाले होते. कृषी केंद्रातून झिंक फॉस्फाईडची काळी पावडर आणून पिठाच्या गोळ्यांत कालवली. पहिल्या रात्री काही उंदीर मेले. त्यानंतर गोळ्यांना कोणी तोंड लावेना. परसातल्या बिळांत पाणी ओतले, दगड ठासले. पिंजरा आणला, तो रिकामाच राहिला. मांजर पाळली, तिने एकदोन पिल्ले धरली आणि दुधावर सुस्तावली. मधल्या काळात कोठ्यात धामण निघाली, तिला शेजाऱ्यांनी काठीने मारले. या सगळ्यात मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट ती शेवटची वाटते. धामण बिनविषारी, उंदरांच्या मागावर आलेली आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित. पण कोठ्यात निघालेला साप धामण आहे की नाग, हे रात्री टॉर्चच्या उजेडात ठरवायला कोण थांबतो?

प्राणी कोणता?

मी आधी भोके कुठे आहेत ते विचारले. मुलाने फोटो पाठवले. भोके सगळी वरच्या थरातल्या कट्ट्यांना होती, जमिनीलगतचे कट्टे शाबूत. जमिनीवरून येणारा प्राणी आधी खालच्या कट्ट्याला भिडतो. इथे खाणारा वरून उतरत होता.

मग एक मेलेला उंदीर हाती आला. पाठ तपकिरी, पोट मळकट पांढुरके, कान मोठे आणि पातळ, तोंड निमुळते. शेपूट पुढे वळवून अंगावर धरली तर नाकाच्याही पुढे गेली. एवढ्यावर काम भागते. रॅटस रॅटस, म्हणजे काळा उंदीर. आपल्याकडच्या घरांत तो काळा क्वचितच असतो, बहुतेक वेळा तपकिरीच दिसतो. वजन साधारण १०० ते २०० ग्रॅम. लेंड्या दोन्ही टोकांना निमुळत्या, सेंटिमीटरभर लांब. त्या तुळयांवर, भिंतींच्या माथ्यांवर आणि कट्ट्यांच्या वर सापडल्या, जमिनीवर फार थोड्या.

परसातली बिळे मात्र दुसऱ्याची होती. बिळापुढे ताज्या मातीचा ढिगारा, तोंड आतून मातीने बुजवलेले. ही लहान घूस, बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. ती अंगाने जाड, तोंडाने बोथट, तिची शेपूट अंगापेक्षा आखूड, आणि बिळात धान्य साठवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. वावरात, बांधावर, कोठ्यामागे ती असते. फाट्यावर चढून कवेलूखाली संसार थाटणे हे तिचे काम नव्हे. म्हणजे या घराने दगड-पाण्याचे सगळे कष्ट घुशीवर खर्च केले होते आणि आजीच्या अंगावर माती पाडणारा वर निवांत होता.

वावरे मोकळी झाली की उंदीर घरात येतात, ही समजूत गावोगाव आहे आणि ती पूर्ण खोटी नाही. पीक निघाल्यावर घुशी गावाच्या कडेला, कुटाराच्या ढिगांकडे सरकतात. पण वावरात बिळे करून राहणारे बहुतेक उंदीर वेगळ्या जातींचे असतात आणि ते छपरावर घर करत नाहीत. छपरातला उंदीर बहुतेक छपरातच जन्मलेला असतो. फेब्रुवारीत तो जास्त दिसतो, कारण दिवाळीपासून घरात अन्न साठत आलेले असते आणि चार महिन्यांत त्याच्या दोन-तीन वेती होऊन गेलेल्या असतात.

हिशेब साधा आहे. मादीचे गरोदरपण तीन आठवड्यांचे. एका वेळी साधारण पाच ते आठ पिल्ले. व्याल्यानंतर लगेच ती पुन्हा माजावर येऊ शकते. पिल्ले तीन-चार आठवड्यांत दूध सोडतात आणि तीन-चार महिन्यांची झाली की स्वतः वितात. बाहेर जगणाऱ्या उंदराचे आयुष्य वर्षभराच्या आसपास असते, म्हणजे मरतातही भराभर. कोणत्याही घरात उंदीर किती राहतील हे वेती किती होतात यापेक्षा पिल्ले किती जगतात यावर ठरते. आणि पिल्ले जगणे अन्न, पाणी नि आडोसा यांवर.

राखेने काय दाखवले

मुलाला मी एक काम दिले. चुलीतली राख चाळून तुळयांवर, भिंतींच्या माथ्यावर आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर तळहाताएवढे थर द्यायचे, सकाळी पावले नि शेपटीची रेघ पाहायची, पुसून पुन्हा थर द्यायचा. पोट्ट्याने ते मनापासून केले. विष घालण्याआधी ही पाहणी व्हायला हवी आणि ती कोणी करत नाही, कारण दुकानात राख मिळत नाही.

चित्र स्पष्ट झाले. रहदारी कापसाच्या खोलीतून निघत होती. जुन्या कवेलूच्या घरांत आतल्या भिंती आढ्यापर्यंत पोचत नाहीत, वर हवेसाठी मोकळी जागा सोडलेली असते. त्या मोकळ्या जागेतून उंदीर माजघरावर येत, तुरीवर उतरत, तिथून स्वयंपाकघर, आणि शेवटी न्हाणी. भिंतींच्या माथ्यावर त्यांच्या अंगाच्या तेलाने काळपट पट्टे उमटले होते. हा प्राणी ठरलेल्या वाटा सोडत नाही. मिशा आणि अंगावरचे लांब केस कशाला तरी घासत राहिले की त्याला वाट सापडते, म्हणून तो मोकळ्या जागेतून न जाता कड धरून पळतो. पायांच्या तळव्यांवर खरखरीत गाद्या असतात आणि लांब शेपूट तोल सांभाळते. मातीची भिंत, वायर, उभा बांबू, त्याला सारखेच.

कापसाची खोली त्याला का मानवली, हे मला सगळ्यांत जास्त सांगायचे आहे. कापूस म्हटले की आपल्याला रुई दिसते. उंदराला सरकी दिसते. तेल आणि प्रथिने भरलेले बी, वर सोलायला सोपे. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, ते रवंथ न करणाऱ्या जनावरांना मानवत नाही, त्यामुळे निव्वळ सरकीवर उंदराचे नीट भागले नसते. पण पलीकडच्या खोलीत तूर होतीच आणि हा प्राणी एका ठिकाणी पोट भरत नाही. चार ठिकाणी थोडे थोडे चाखत फिरतो. सरकीबरोबर रुई मिळते ती घरट्यासाठी. भिंतीचा माथा आणि फाटे जिथे भेटतात त्या कोपऱ्यांत रुईची घरटी निघाली, त्यांत जुन्या लुगड्याच्या चिंध्याही होत्या. खोलीचे दार रोज उघडत नव्हते, दिवा क्वचित लागत होता. कापूस भावासाठी थांबला होता आणि उंदरांना महिनोन्‌महिने कोणी हटकत नव्हते.

पाणी हा तिसरा दुवा. घरातला छोटा पिटुकला उंदीर जवळपास कोरड्या धान्यावर भागवू शकतो, काळ्या उंदराला मात्र कोरड्या दाण्यांबरोबर रोज पाणी लागते. म्हणून न्हाणीच्या उंबऱ्यावरची राख रोज सकाळी तुडवलेली असायची. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याची खरी नाडी पाण्याची आहे, धान्याची नव्हे, असे माझे मत आहे.

विष का चालले नाही

काळा उंदीर नव्या वस्तूला भितो. रोजच्या वाटेवर काही नवे दिसले, मग तो पिंजरा असो की पिठाची गोळी, तर तो काही रात्री लांबून जातो. मग चाखतो, तेही थोडेसे. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करते आणि तासांत परिणाम दाखवते. ज्याने भरपूर खाल्ले तो मरतो. ज्याने चाखले तो आजारी पडतो, बरा होतो आणि त्या चवीला पुन्हा शिवत नाही. उंदराला ओकता येत नाही, म्हणून चाखत खाण्याची सवय हाच त्याचा बचाव. या घरात आधी दोन-तीन रात्री बिनविषाचे दाणे ठेवून त्यांना सवय लावली नव्हती, विषाच्या गोळ्या एकदम मांडल्या होत्या. जे वाचले ते सगळे शहाणे झाले.

रक्त गोठू न देणारी विषे, म्हणजे बाजारातल्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या, इथे वेगळ्या पडतात. मरायला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे उंदीर आजाराचा संबंध खाण्याशी जोडू शकत नाही. त्यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के१. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. शाळकरी मुलगी असलेल्या घरात हा फरक लहान नव्हे. पण विष खाल्लेला सुस्त उंदीर मांजर खाते, घुबड खाते, धामण खाते, आणि विष त्यांच्यातही जाते.

शेतकऱ्याने मधेच विचारले की धान्यात ठेवायच्या गॅसच्या गोळ्या छपरात ठेवल्या तर? मी ठाम नाही म्हटले. अॅल्युमिनियम फॉस्फाईड ओलाव्याने फॉस्फिन सोडते आणि ज्या घरात आतल्या भिंतींवर मोकळी जागा आहे, तिथे तो वायू झोपलेल्या माणसांपर्यंत यायला कशाचीही अडचण नाही. ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टलाही तेच उत्तर. ती यकृत निकामी करते आणि तिच्यावरही उतारा नाही.

शेजाऱ्यांच्या मनात प्लेगची भीती होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडले होते आणि त्यानंतर प्लेग जाहीर झाला, हे ऐकून माहीत होते. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर पडक्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर वाढले, असे तेव्हा सांगितले गेले. प्लेगचा जंतू उंदरालाही मारतो, मग पिसवा त्याचे अंग सोडून दुसरे रक्त शोधतात. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवांचा हा धागा दाखवला. इथे मेलेले उंदीर विष खाऊन मेले होते, विष नसताना एकही पडला नव्हता, त्यामुळे घाबरायचे कारण नव्हते. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, तो पसरवणारे बारीक किडे उंदरांच्या अंगावर जगतात पण माणसाला चावतात ते गवतात-झुडपांत. तो धोका परसाच्या बाजूचा. उंदीर हातमोज्याशिवाय उचलायचा नाही आणि खोल पुरायचा, एवढे सगळ्यांना सांगितले.

काय केले

"कापूस विका" असे सांगणे सोपे होते. मी सांगितले नाही. त्याच्या मनासारखा भाव नव्हता आणि त्या कापसात त्याचे वर्ष अडकले होते. उंदीर सरकी किती खातात, यापेक्षा भावातला फरक त्याला मोठा होता आणि त्याचा हिशेब बरोबर होता. तेव्हा कापूस ठेवून काय करता येते ते पाहिले.

ढीग भिंतीपासून दोन हात ओढून घेतला, म्हणजे चहूबाजूंनी फिरता येईल. भिंतीच्या माथ्यावरची घरटी काढली. खोलीच्या भिंतीवरच्या मोकळ्या जागेला पाव इंची लोखंडी जाळी ठोकली. काळा उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतून निघतो, म्हणून अर्धा इंची जाळी चालत नाही. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी लावली. वायर बदलून पाइपातून नेली. कापसाच्या ढिगावर सोललेली वायर हे उंदरांपेक्षाही मोठे संकट होते आणि ते कोणाच्या तक्रारीत पहिले नव्हते. तूर पत्र्याच्या कोठ्यांत मावली तेवढी भरली, उरलेली फळ्यांवर, भिंतीपासून सोडून. रात्री माठावर घट्ट झाकण, न्हाणीतली बादली पालथी, खरकटे बाहेर नाही. म्हाताऱ्या आईचा जीव माठाच्या झाकणावर जास्त वैतागला. रात्री उठून पाणी प्यायची तिची सवय होती, बाप्पा, आता झाकणावर दगड!

अन्न-पाणी असे तुटल्यावर सापळे. लाकडी चापाचे सापळे तुळयांवर तारेने बांधले, गूळ-शेंगदाण्याचा गोळा लावला, पण काही रात्री चाप ओढलाच नाही. राखेत पावले सापळ्याच्या जिभेपर्यंत येऊ लागली तेव्हा सगळे सापळे एकाच संध्याकाळी ओढले. पकड भरपूर झाली. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या फक्त शेजारच्या सामाईक भिंतीच्या माथ्यावर, पाइपच्या तुकड्यांत तारेने अडकवून ठेवल्या, आणि तेवढे दिवस मांजर मुलीच्या मामाकडे गेली.

सामाईक भिंतीमुळे शेजाऱ्यांशी बोलणे भाग होते. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावर १९१८ मध्ये एक जहाज रुतले, त्यातून हाच काळा उंदीर उतरला आणि तिथले काही पक्षी कायमचे गेले. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, साऱ्या बेटावर एकदम विष टाकून उंदीर संपवायची मोहीम झाली. तरी २०२१ मध्ये उंदीर दिसलेच. ती मोहीम निघू तरी शकली, कारण भोवती समुद्र होता. इथे भोवती काकांची छपरे होती. एका घराने सगळे उंदीर मारले तर मोकळ्या झालेल्या वाटांवर शेजारचे तरुण उंदीर काही आठवड्यांत येतात आणि राहिलेल्या माद्यांची पिल्लेही जास्त जगतात, कारण वाटेकरी कमी झालेले असतात. रांगेतल्या दोन घरांनी तूर पत्र्याच्या कोठ्यांत भरायचे आणि एकाच वेळी सापळे लावायचे मान्य केले. पश्चिमेकडच्या घराने नाही म्हटले. त्यांच्याकडे कापूस नव्हता, त्यांना उंदरांचा त्रास नव्हता. खरे तर राखेत दिसत होते की त्यांच्या छपरावरूनच या घराकडे बरीच ये-जा आहे.

घुबडाचा विषय मुलाने काढला. गव्हाणी घुबड उंदरांचे मोठे भक्षक आहे, देवळाच्या शिखरात एक जोडी असल्याचे गावात सांगतात. पण ते मोकळ्या रानावर उडत शिकार करते, कवेलूखालच्या फाट्यांत शिरत नाही. वावरातल्या घुशींसाठी त्याचे मोल आहे. छपरातल्या उंदरासाठी त्याच्या भरवशावर राहणे चूक, आणि त्याला वाचवायचे तर विष कमी वापरणे एवढेच आपल्या हाती.

परिणाम

मार्चअखेर राखेवर पावले जवळपास थांबली. माजघर नि स्वयंपाकघराच्या तुळया स्वच्छ, न्हाणीचा उंबरा स्वच्छ. पश्चिमेच्या भिंतीवरचा एक थर मात्र अधूनमधून तुडवलेला मिळत राहिला. एप्रिलमध्ये कापूस गेला आणि खोली रिकामी झाली, त्यामुळे पुढची शांतता जाळीची की रिकाम्या खोलीची, हे वेगळे काढता येत नाही. माझा कौल जाळीला आहे, कारण कापूस असतानाच वाट तुटली होती. पाऊस लागल्यावर पश्चिमेकडून पुन्हा पावले वाढली. जाळीचे एक टोक मातीतून सुटले होते, ते ठोकल्यावर पावले जाळीपर्यंत येऊन परत फिरलेली दिसली.

शेतकऱ्याचे मत या काळात थोडे बदलले, पुरते नाही. वावरातून उंदीर येतात हे त्याने सोडलेले नाही. पण दिवाळीआधी त्या खोलीची जाळी आणि पट्टी तपासायची, मगच कापूस भरायचा, हे त्याने स्वतःहून ठरवले. तुरीसाठी आणखी एक पत्र्याची कोठी घ्यायची आहे, तिचे पैसे तूर विकल्यावर.

कोठ्यामागच्या घुशीचे काम वेगळे ठेवले आहे. कुटाराचा ढीग घरापासून हलवून उंच ओट्यावर रचायचा, म्हणजे घूसही खाली बीळ करणार नाही आणि तिच्या मागावर येणारी घोणसही अंगणाबाहेर राहील. मग संध्याकाळी सगळी बिळे मातीने लिंपायची, सकाळी जी आतून उघडलेली दिसतील तेवढ्याच चालू बिळांत वड्या टाकायच्या आणि पुन्हा बुजवायची. बाकी बिळे जुनी, त्यांच्यावर विष वाया घालवायचे नाही. ते ऑक्टोबरात, सोयाबीन निघाल्यावर.